आत दुमडलेलं कापड

लखमी गेल्याचं मला कापडाच्या दुकानात कळलं. गौरी-गणपतीला माहेरी डहाणूला आले होते. सासरी बोईसरला परतायच्या आदल्या दिवशी एका साडीवरच्या ब्लाऊजसाठी अस्तर घ्यायला जयंतीकाकांच्या कटपीसच्या दुकानात शिरले. काका मला शाळेपासून ओळखतात. त्यांचं मराठी निम्मं गुजराती असतं आणि बोलताना त्यांची मीटरपट्टी कधी थांबत नाही. त्या दिवशी थांबली. "तुझी ती तलासरीवाली बेनपणी," ते म्हणाले, "गेली ने बिचारी." बेनपणी म्हणजे मैत्रीण, लखमीच. मी विचारलं, कुठे गेली? मला खरंच वाटलं की लग्न होऊन गेली, किंवा वापीला कुठल्या कारखान्यात लागली. काकांनी मीटरपट्टी खाली ठेवली. मग सांगितलं की कावीळ झाली होती, आधी गावातच झाडपाल्याचं औषध झालं, दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला, आता बारा दिवस होऊन गेले. तिच्या गावचं कोणीतरी दोरे न्यायला आलं होतं, त्यांच्याकडून कळलं... मी मान हलवली. आणि मग मी काय केलं, तर अस्तराचा रंग साडीशी जुळतोय का ते दारातल्या उजेडात जाऊन पाहिलं आणि पाव मीटर जास्त द्या म्हटलं. हे लिहू नकोस असं घरचे म्हणतात. पण मला लखमीबद्दल खरं सांगायचं आहे, आणि स्वतःबद्दल खोटं सांगून ते जमणार नाही.

२०१४ साली आम्ही दोघी डहाणूच्या कॉलेजात बी.ए.ला होतो आणि दुपारी शिवणकामाचा तीन वर्षांचा डिप्लोमा करत होतो. मी तो केला कारण मुलीच्या हातात काहीतरी कला असावी असं आईला वाटायचं. लखमीने केला कारण तिला शिवण येतच होतं, फक्त त्याचा कागद हवा होता. हजेरीपटावर ती लक्ष्मी होती, पण पहिल्याच दिवशी तिने स्वतःचं नाव लखमी सांगितलं आणि मग तेच राहिलं. तिचं गाव तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला. घरची थोडी भाताची, डोंगरउताराच्या वरकस जमिनीत नाचणीची शेती. सकाळी जीपने तलासरी, तिथून एसटीने डहाणू, आणि संध्याकाळी तसंच उलटं. माझं घर कॉलेजपासून चालत वीस मिनिटांवर, चिकूच्या वाडीत. तरी उशिरा यायची ती मीच.

तिच्या घरी मशीन नव्हतं. आमच्याकडे माझ्या वारलेल्या आत्याचं पायमशीन कापड टाकून झाकून ठेवलेलं होतं. दुसऱ्या महिन्यात मीच तिला म्हटलं की शनिवारी आमच्याकडे ये, तिथे शिव. तेवढं चांगलं काम मी केलं, ते नाकारत नाही. ती यायला लागल्यावर आईने मशीन माजघरातून उचलून पडवीत आणलं. "इथे उजेड बरा आहे," आई म्हणाली. उजेड बरा होता हे खरं, पण मशीन पडवीत का आलं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पडवीच्या कोनाड्यात एक स्टीलचा पेला पालथा असायचा, लखमीच्या चहाचा. चहा झाला की ती स्वतःच तो नळावर विसळून परत कोनाड्यात पालथा घालायची. तिला कोणी सांगितलं नव्हतं. तीन वर्षांत तो पेला एकदाही आमच्या मांडणीवर चढला नाही, आणि मीही तो कधी उचलून आत नेला नाही. मी कॉलेजात समानतेवर निबंध लिहायचे. त्याला चांगले गुण पडायचे.

आमच्यात एक व्यवहार आपोआप ठरून गेला. तिचं लिहिणं मी करायचे, माझं शिवणं ती. डिप्लोम्याला दरवर्षी एक जर्नल असायची. कॉलर, काज, प्लेट, खिसा, प्रत्येकाचा नमुना शिवून चिकटवायचा आणि शेजारी माहिती लिहायची. माझं अक्षर मोत्यासारखं, असं सगळेच म्हणायचे, त्यामुळे दोन्ही जर्नलींत तेच. नमुने मात्र माझ्या जर्नलीतले निम्मे तिच्या हातचे. मी शेजारी बसून चिकू खात बडबड करायचे आणि ती मान खाली घालून मशीन चालवायची. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी, फक्त मला स्वतःला तेव्हा मी तिची गुरू वाटायचे.

जर्नलीच्या पहिल्या पानावर ऋणनिर्देश लिहायचा असे. आम्ही सगळ्या जणी एकाच नमुन्यावरून चार ओळी उतरवायचो: प्राचार्य, मॅडम, आईवडील, मित्रमैत्रिणी. लखमीने ती गोष्ट मनावर घेतली. पहिल्या वर्षी ती मला सांगत गेली आणि मी हसत हसत लिहीत गेले. कापड चुरगळू नये म्हणून जीपमध्ये पुढे बसू देणारे दादा. ती कॉलेजात यायची तेव्हा तिच्या वाटच्या शेळ्या रानात नेणारी चुलतबहीण. चांगल्या चांगल्या चिंध्या पिशवीत बाजूला ठेवणारे जयंतीकाका. वैजूची आत्या, जिला पाहिलं नाही पण जिच्या मशीनवर शिकले. वैजूची आई, जिनं मशीन उजेडात ठेवलं... इथे माझा पेन थांबायला हवा होता. थांबला नाही. वैजू मीच, वैजयंती. माझं नाव तिने सगळ्यांच्या वर घालायला लावलं, जागा नव्हती तर समासात बाण काढून. शिवणाच्या मॅडमनी ते पान पाहिलं आणि लाल शाईने शेरा दिला, "एवढे नको." पुढच्या दोन्ही वर्षी तिने तेवढंच लांब पान लिहवून घेतलं आणि दोन्ही वर्षी तोच शेरा मिळवला. आईवडिलांना तर सगळेच मानतात, शेळ्या नेणाऱ्या पोरीचं नाव कोण घेणार, असं तिचं म्हणणं.

मॅडमचं आणि तिचं आणखी एका बाबतीत जमत नसे. मॅडम कुठलाही कपडा हातात घेतला की आधी उलटा करायच्या. सुलटा कोणीही छान दाखवतो, आतून बघा, म्हणायच्या. नियम होता शिवणीत अर्धा इंच मार्जिनचा. लखमी बाजूच्या शिवणीत चार चार बोटं कापड आत ठेवायची. शिवण जाड व्हायची, गुण कापले जायचे, आणि पुढच्या कपड्यात पुन्हा चार बोटं. मी एकदा वैतागून विचारलं की ऐकत का नाहीस. ती म्हणाली, "आवणीत माणूस सुकतं. भात घरात आलं का भरतं. कपडा एकच आहे ना गं." तिच्या घरी एक ब्लाऊज आई, मोठी बहीण आणि ती अशा तिघी घालत. आवणी, म्हणजे भाताची लावणी, संपली की बाजूला टीप मारून आत घ्यायचा, दिवाळीनंतर उसवून मोठा करायचा. एका बाळंतपणात तर तीनदा उसवला होता म्हणे. मला गंमत वाटली. आमच्याकडे कपडा होत नसेल तर तो गड्याच्या बायकोला जायचा.

आता ते सांगते ज्यासाठी हे लिहायला बसले. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी, २०१७च्या फेब्रुवारीत, कॉलेजात आमच्या कामाचं प्रदर्शन होतं. प्रत्येकीने घरच्या एका माणसासाठी एक कपडा शिवायचा, मापं आणि नाव कार्डावर लिहायचं. लखमीचा कपडा कधीच तयार होता. आदल्या श्रावणात तिने आईसाठी हिरव्या पॉपलिनचा ब्लाऊज शिवला होता. पाठीवर आणि बाह्यांच्या काठाला जयंतीकाकांच्या चिंध्यांतले नखाएवढे त्रिकोण एकाला एक जोडलेले, इतके नेमके की टाका शोधावा लागे. तिच्या आईसाठी म्हणून मापून शिवलेला तो पहिलाच ब्लाऊज. वैशाखात लखमीच्या भावाचं लग्न होतं, त्या दिवशी घालायचा म्हणून तो कागदात गुंडाळून आमच्याच घरी ठेवला होता. माझं काय? माझ्या मावसबहिणीचं लग्न निघालं, मी हळदीपासून पूजेपर्यंत मिरवत राहिले, आणि प्रदर्शन तीन दिवसांवर आलं तेव्हा माझ्याकडे नुसता कापलेला कुडता होता, तोही चुकीचा कापलेला.

मी तिला विचारलं. तिने आपण होऊन दिला असं मी पुढे दोन-तीन जणींना सांगितलं, पण विचारलं मीच. ब्लाऊज मला दे, प्रदर्शन झालं की परत, तू तुझ्या भाचीचं झबलं ठेव. मशीनच्या चाकावर हात ठेवून ती म्हणाली, "आयचा आहे. जपून ठेव." प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी मी तो उलटा केला. चार बोटं. मॅडमनी तो उलटा केला असता तर एका क्षणात हात ओळखला असता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. मी आत्याची मोठी कात्री घेतली आणि पडवीत बसून, त्या चांगल्या उजेडात, दोन्ही बाजूंचं, बाह्यांचं, खांद्यांचं सगळं जादा कापड अर्ध्या इंचावर कापून टाकलं. मग बाजारात जाऊन कडांना इंटरलॉक मारून आणलं. हिरव्या पट्ट्या चुलीत गेल्या. ते कापड आत कशासाठी आहे ते मला माहीत होतं. तिने मला सांगितलं होतं. मी विसरले नव्हते, मला फक्त तिची खूण पुसायची होती.

पहिलं बक्षीस मला मिळालं. पाहुण्या बाईंनी त्रिकोणांवरून बोट फिरवत विचारलं, हे कुठे शिकलीस? मी म्हटलं, आजीकडून. माझ्या आजीला बटण लावायचाही कंटाळा होता. माझ्या कार्डावर लिहिलं होतं "माझ्या आईसाठी", आणि खाली ऋणनिर्देश: आईवडील, मॅडम, मैत्रिणी. त्या "मैत्रिणी" शब्दात मी लखमीला घातलं आणि दार लावून घेतलं. आई प्रदर्शनाला आली होती. ब्लाऊज तिच्या अंगाच्या निम्म्या मापाचा होता हे कोणालाही दिसलं असतं. तिने कार्ड वाचलं, ब्लाऊजकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. घरी जाताना रिक्षात एवढंच म्हणाली, बक्षीस मिळालं ना, झालं तर मग. लखमी पलीकडच्या टेबलाशी आपल्या झबल्याजवळ उभी होती. माझं नाव पुकारलं तेव्हा सगळ्यात जास्त वेळ तिने टाळ्या वाजवल्या. ती टोमणा मारत होती असं मला वाटलं असतं तर बरं झालं असतं, पण ती तशी नव्हती.

वैशाखात मी तिच्या भावाच्या लग्नाला गेले. मांडवात तिची आई भेटली, अंगावर जुना, उन्हाने विटलेला ब्लाऊज. मी लखमीकडे पाहिलं नाही. तिनेच मला बाजूला आंब्याखाली नेलं आणि हळूच म्हणाली, "आयला बसला नाय. उसवून बघितला, आत कापडच नाय." ती रागावली नव्हती. विचारत होती. एका शब्दात सगळं मोकळं होण्यासारखं होतं. मी म्हटलं, "मॅडमनी कापला असेल गं, प्रदर्शनासाठी." इंटरलॉकची टीप बाजारातल्या दुकानाची होती, आणि मॅडम कधी कोणाच्या कपड्याला कात्री लावत नसत, हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं. तरी ती म्हणाली, "असंल." आणि मला हाताला धरून पंगतीत नेलं, आईच्या शेजारी बसवलं, आणि माझ्या पानात दोनदा भात वाढला. तो भात मी खाल्ला.

त्यानंतर मी तिला टाळू लागले. आपण ज्याचं वाईट केलं त्याच्याइतकं नकोसं माणूस दुसरं नसतं. डिप्लोमा झाल्यावर तिने एकदा आईला विचारलं होतं की आत्याचं मशीन पडूनच आहे तर मी वापरायला नेऊ का. आई म्हणाली, वन्संची आठवण आहे ती. मी तिथेच होते, गप्प बसले. पुढे तिने कुठून तरी जुनं मशीन मिळवलं आणि गावात शिवायला लागली. २०१८मध्ये माझ्या लग्नाला ती आली, एसटीने, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला जांभळा सुती कुडता. माप कधी घेतलंस, मी विचारलं. म्हणाली, तीन वर्षं शेजारी बसत होतीस, माप कशाला लागतं. मी तो एकदा घालून पाहिला. बाजूच्या शिवणी जाड लागल्या. घडी करून कपाटाच्या तळाशी ठेवला आणि बोईसरला नेलेल्या कपड्यांत तो तसाच तळाशी राहिला.

शेवटचं बोलणं फोनवर झालं. त्या हिवाळ्यात डहाणू-तलासरीकडे जमीन सारखी हादरत होती, लोक घरात झोपायला भीत होते, अंगणात मांडव घालून राहत होते. मी चौकशीला फोन केला, म्हणजे आईने कर म्हटलं म्हणून केला. मला दिवस गेले होते आणि मी सगळा वेळ माझ्या उलट्यांबद्दलच बोलले. ती म्हणाली की तिने मशीन बाहेर मांडवात आणलंय आणि जुन्या साड्या एकावर एक घालून पोरांसाठी पांघरुणं शिवतेय, थंडी लय आहे. मग हसून म्हणाली, बाहेर उजेड बरा असतो. मी म्हटलं, येते गं एकदा. गेले नाही. फाल्गुनात मुलगी झाली, मग ऊन, मग पाऊस, मग जयंतीकाकांची मीटरपट्टी.

बोईसरला परतणं लांबवलं आणि दुकानातून आल्यानंतर चार दिवसांनी, मुलीला आईकडे ठेवून, मी तलासरीला गेले आणि तिथून जीपने तिच्या गावी. तिची आई ओट्यावर नाचणी पाखडत होती. मला बघून उठली, आणि तिच्या अंगावर मला तो हिरवा ब्लाऊज दिसला. दोन्ही बाजूंना काखेपासून खाली लाल कापडाची चार बोटं रुंद पट्टी घातलेली. तीच म्हणाली, "लखमीनं पट्टी घातली. आता बसतो मना." मी खाली बसले आणि सांगितलं, तो मी कापला होता. मॅडमनी नाही, मी. ती सुपातली नाचणी बोटांनी सारखी करत राहिली. मग म्हणाली, "माहीत आहे. तीच म्हणली, वैजूनं घाईत कापला, तिला बोलू नको."

मग ती आत गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीतून एक वही घेऊन आली. पहिल्या वर्षाची जर्नल. तिला वाचता येत नाही. लखमी कधी कधी पहिलं पान वाचून दाखवायची, ते ऐकव म्हणाली. भिंतीला हादऱ्यांनी पडलेली एक भेग होती, ती शेणामातीने लिंपलेली होती. तिच्याशेजारी बसून मी माझ्याच अक्षरातला तो ऋणनिर्देश मोठ्याने वाचला. जीपवाले दादा, शेळ्या नेणारी बहीण, जयंतीकाका, आत्या, मशीन उजेडात ठेवणारी वैजूची आई. समासातल्या बाणाची ओळ सोडून मी वही मिटायला लागले. म्हातारीला ते पान पाठ होतं. "वैजू राहिली," ती म्हणाली. मग मी ते वाचलं, वैजू, जिनं घरी बोलावलं आणि माझं सगळं लिहून दिलं.

कोणी म्हणेल, तिने माफ केलं, आता विसर. माफ करणं तिचं होतं, ते तिने केलं. त्याने माझी कात्री परत फिरत नाही. तिने ज्यांचे आभार मानले त्यांतली मी सगळ्यांत वरची आणि सगळ्यांत कमी लायकीची, आणि हे तिला कळलेलं असूनही तिने ते पान बदललं नाही, याचीच मला जास्त लाज वाटते. तिने एकदा तरी मला बोल लावला असता तर मी आज इतकं लिहीत बसले नसते.

गेल्या आठवड्यात पुन्हा माहेरी आले. येताना कपाटाच्या तळचा जांभळा कुडता बरोबर आणला. बाळंतपणानंतर माझा एकही जुना कपडा मला होत नाही, हाही काखेत अडकला. पडवीत आत्याच्या मशीनवरचं कापड काढलं, तेल घातलं, आणि कुडता उलटा करून बाजूची शिवण उसवायला बसले. आई दारात येऊन उभी राहिली. थोड्या वेळाने चहा घेऊन आली. मी कोनाड्यातला पेला घेतला, पुसला आणि त्यात ओतून प्यायले. शिवण उसवत गेली तसं आतलं कापड उघडत गेलं, बाहेरच्यापेक्षा गडद, जयंतीकाकांच्या ताग्यावर असेल तसं जांभळं. दोन्ही बाजूंना चार चार बोटं. दोन बोटं सोडून नवी टीप मारली. माझी टीप वाकडी येते, अजूनही. मग कुडता अंगात घातला. बरोबर बसला. आत अजून दोन बोटं शिल्लक आहेत.